ब्रोकोलीच्या अंकुरांच्या गोळ्या : आईला द्याव्यात का?

शमिका

आईची उपाशीपोटीची साखर बरेच दिवस सीमारेषेवर आहे. मधुमेह म्हणावा इतकी नाही, पण डॉक्टरांनी वजन आणि चालणं यांकडे लक्ष द्यायला सांगितलंय. थायरॉईडची गोळी ती अनेक वर्षं घेते. आता एका नातेवाइकांनी अगदी मायेने तिला ब्रोकोलीच्या अंकुरांच्या कॅप्सूल आणून दिल्या आहेत. सोबत फायद्यांची यादीही दिली : साखर उतरते, कर्करोग टळतो, यकृत स्वच्छ होतं, सांधे सुटतात, स्मरणशक्ती टिकते.

एकाच गोळीने एवढं सगळं होतं म्हटल्यावर मला शंका येते. पण शोधायला बसले तर निम्मी पानं विकणाऱ्यांची आणि उरलेल्या पानांवर "सगळं थोतांड" एवढाच निकाल. दोन्हींतून काही हाती लागत नाही. आई सत्तरीकडे झुकली आहे, त्यामुळे "घेऊन तर बघू" असं मला म्हणता येत नाही. कुणी नीट वाचलं असेल, या विषयात काम केलं असेल तर कृपया लिहा. थायरॉईडचं काय, हे विशेषकरून सांगा. आणि नुसती ब्रोकोली खाल्ली तर तेवढंच मिळतं का?

रानजाई

गोळ्यांचं माहीत नाही, पण अंकुर मी घरी करते. बरणीत बी भिजवायचं, दिवसातून दोन-तीनदा धुवायचं, चार-पाच दिवसांत तयार. चवीला मुळ्यासारखे तिखट, जरा कडवट. जास्त खाल्ले की मला गॅस होतो. मूठभर पचतात. साखरेवर काय परिणाम होतो ते ठाऊक नाही, जाणकारांची वाट बघते.

पेशीकेंद्र

शमिकाताई, जीवरसायनशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आणि हा विषय माझ्या आवडीचा. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

ज्या पदार्थामुळे हे सगळं सुरू झालं त्याचं नाव सल्फोराफेन. १९९२ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल टालाले यांच्या गटाने तो ब्रोकोलीतून वेगळा केला. ते अशा पदार्थांच्या शोधात होते जे पेशीतल्या संरक्षक एन्झाइमांचं उत्पादन वाढवतात. शरीरात शिरलेल्या घातक रसायनांना पाण्यात विरघळेल असं रूप देऊन लघवीवाटे बाहेर घालवणं हे त्या एन्झाइमांचं काम. १९९७ मध्ये याच गटाने दाखवलं की तीन दिवसांच्या अंकुरांत सल्फोराफेनचा पूर्वपदार्थ पूर्ण वाढलेल्या ब्रोकोलीच्या १० ते १०० पट असतो. अंकुरांची ख्याती तिथून सुरू झाली.

पेशीत काय होतं तेही सांगतो, कारण यादी इतकी लांब का होते ते त्यातूनच कळतं. एनआरएफ-२ नावाचं एक प्रथिन आहे. एरवी ते कीप-१ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाच्या ताब्यात असतं आणि तयार झालं की लगेच नष्ट केलं जातं. सल्फोराफेन कीप-१ला जाऊन चिकटतं, पकड सुटते, एनआरएफ-२ पेशीकेंद्रात जातं आणि शेकडो जनुकं एकदम कामाला लावतं. ही जनुकं जवळजवळ प्रत्येक अवयवात आहेत. म्हणून ज्या रोगात पेशींवर ऑक्सिडीकरणाचा ताण असतो, अशा प्रत्येक रोगासाठी कुणी ना कुणी सल्फोराफेन वापरून पाहिलं आहे. परीक्षानळीत आणि उंदरांत निकाल चांगले येतात. विक्रेत्यांच्या यादीतला प्रत्येक मुद्दा अशाच एखाद्या प्रयोगातून उचललेला असतो. माणसांवरच्या चाचण्यांत मात्र ती यादी बरीच आखडते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ब्रोकोलीत सल्फोराफेन तयार स्थितीत नसतंच. असतं ते ग्लुकोराफेनिन. त्याचं सल्फोराफेन करणारं एन्झाइम म्हणजे मायरोसिनेज. वनस्पतीत ही दोन्ही वेगवेगळ्या जागी साठवलेली असतात. कीड पान कुरतडते किंवा आपण चावतो, तेव्हा पेशी फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि सल्फोराफेन तयार होतं. ही कोबी-मोहरीच्या कुळाची कीटकांपासून बचाव करण्याची व्यवस्था आहे. तो तिखटपणा त्यातूनच येतो.

बहुतेक गोळ्यांमध्ये ग्लुकोराफेनिन असतं, पण अर्क काढताना दिलेल्या उष्णतेत मायरोसिनेज मेलेलं असतं. मग ते काम आतड्यातल्या जिवाणूंवर येऊन पडतं. ते करतात, पण प्रत्येकाच्या पोटात वेगवेगळं. सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास रूपांतर होतं. कुणाच्या बाबतीत एक-दोन टक्के, कुणाच्या त्याहून कितीतरी जास्त. सक्रिय मायरोसिनेज सोबत असेल तर सरासरी ३०-४० टक्क्यांवर जाते.

म्हणजे एकाच बाटलीतली गोळी दोन माणसांनी घेतली तरी दोघांना मिळालेलं औषध सारखं नसतं. "मला गुण आला" आणि "मला काहीच झालं नाही" ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात.

कुतूहल

फारच छान समजावलंत. माझ्यासमोर दोन बाटल्यांची लेबलं आहेत. एकीवर "ब्रोकोली अंकुर अर्क ५०० मिग्रॅ", दुसरीवर "ग्लुकोराफेनिन ३० मिग्रॅ". पहिली सोळा-सतरा पटींनी जोरदार, असं धरायचं का?

पेशीकेंद्र

नाही. पहिल्या लेबलवरून काहीच कळत नाही. ५०० मिलिग्रॅम हे अर्काचं वजन. त्यात ग्लुकोराफेनिन किती टक्के, ते लिहिलेलं नसेल तर तो आकडा निरुपयोगी आहे. दुसरी बाटली निदान काहीतरी सांगते. तिचा हिशेब करून बघू.

३० मिलिग्रॅम ग्लुकोराफेनिन म्हणजे साधारण ६९ मायक्रोमोल (मायक्रोमोल हे रेणूंची संख्या मोजायचं एकक). मायरोसिनेज नसेल तर सरासरी दहा टक्के धरून सुमारे ७ मायक्रोमोल सल्फोराफेन मिळतं. वजनात ते सव्वा मिलिग्रॅमही भरत नाही. मायरोसिनेज असेल तर अंदाजे २४ मायक्रोमोल, म्हणजे चार-सव्वाचार मिलिग्रॅम.

आता चाचण्यांत किती दिलं ते बघा. चीनमधल्या चिडोंगच्या चाचणीत रोजच्या पेयात ६०० मायक्रोमोल ग्लुकोराफेनिन आणि वर ४० मायक्रोमोल तयार सल्फोराफेन होतं. यातलं ग्लुकोराफेनिनच २६० मिलिग्रॅमच्या पुढे जातं. स्वीडनमधल्या मधुमेहाच्या चाचणीत रोज १५० मायक्रोमोल सल्फोराफेन दिलं होतं. एका बाजूला ७ आणि दुसऱ्या बाजूला १५०. चाचणीचा निकाल जाहिरातीत छापायचा आणि बाटलीत मात्र त्याचा विसावा भाग भरायचा, याचा मला मनापासून राग येतो. लोक पैसे देतात, आशा ठेवतात.

मात्रेचं महत्त्व चिडोंगमध्येच नंतर तपासलं गेलं. तेच पेय पूर्ण, अर्धं आणि एक-पंचमांश मात्रेत दिलं. पूर्ण मात्रेने स्पष्ट फरक पडला, अर्ध्या आणि एक-पंचमांश मात्रेने लक्षात घेण्याजोगा पडला नाही.

शमिका

हे चिडोंग प्रकरण काय आहे? दोनदा उल्लेख आला म्हणून विचारते.

पेशीकेंद्र

यांगत्से नदीच्या मुखाजवळचा भाग आहे. तिथे यकृताच्या कर्करोगाचं प्रमाण फार होतं, धान्यावरच्या बुरशीतून येणारं अफ्लाटॉक्सिन हे त्याचं एक मोठं कारण. म्हणून तिथे अनेक वर्षं संशोधन चालू आहे. पुढे हवेच्या प्रदूषणाचा प्रश्नही वाढला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २९१ लोकांना बारा आठवडे अंकुरांचं पेय किंवा त्यासारखंच दिसणारं साधं पेय दिलं. अंकुरांचं पेय घेणाऱ्यांच्या लघवीतून प्रदूषित हवेतल्या घातक रसायनांपैकी बेन्झीनचे निचरा झालेले अंश ६१ टक्के जास्त आणि अॅक्रोलिनचे २३ टक्के जास्त बाहेर पडले. क्रोटोनाल्डिहाइड या तिसऱ्या रसायनात फरक नव्हता. परिणाम पहिल्या दिवसापासून दिसला आणि बारा आठवडे टिकला.

माझ्या मते या पूर्ण विषयातला हा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. बेन्झीन रक्ताचा कर्करोग घडवतं हे सिद्ध आहे आणि ते शरीरातून जास्त वेगाने बाहेर जाणं चांगलंच. मात्र या चाचणीत कुणाचा कर्करोग टळला का, ते मोजलेलं नाही. ते मोजायला हजारो माणसं आणि पुष्कळ वर्षं लागतात. "यकृत स्वच्छ होतं" या वाक्याच्या मागे जे काही खरं आहे ते एवढंच : काही ठरावीक विषारी पदार्थांचा निचरा वाढतो, तोही पुरेशी मात्रा असेल तर.

सारंग_१९

मी या गोळ्या बरेच महिने घेतोय. पोट साफ, उत्साह वाढला, त्वचा सुधारली. चाचण्यांचे आकडे काहीही म्हणोत, शरीर खोटं बोलत नाही.

निशिगंध

सारंग, तुम्हाला बरं वाटतंय याचा आनंद आहे आणि ते मी नाकारत नाही. पण त्याच काळात झोप, आहार, व्यायाम यांत काही बदल झाला का, तेही पाहा. गोळी सुरू करणारा माणूस बहुधा तब्येतीकडे एकूणच जास्त लक्ष द्यायला लागतो. प्लासिबो गटातल्या, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्या लोकांनाही बरं वाटतं. म्हणून तर तो गट ठेवावा लागतो.

शमिका, मी डॉक्टर आहे, माझ्याकडे येणाऱ्यांत साखर आणि थायरॉईडचे रुग्ण पुष्कळ असतात. तुमच्या आईंबद्दल.

साखर : २०१७ साली स्वीडनमध्ये टाइप-२ मधुमेहाच्या ९७ रुग्णांवर बारा आठवड्यांची चाचणी झाली. ज्यांचं वजन जास्त होतं आणि साखर आटोक्यात नव्हती, त्यांची उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) प्लासिबोच्या तुलनेत कमी झाली. यकृतातून रक्तात सोडली जाणारी साखर कमी होते, असं त्यामागचं कारण दिसतं. इतरांमध्ये तसा ठळक परिणाम नव्हता.

तुमच्या आईंच्या स्थितीशी जुळणारी चाचणी २०२५ मध्ये आली. ८९ जण, उपाशीपोटीची साखर वाढलेली, पण मधुमेहाची औषधं सुरू नसलेले. अंकुरांच्या अर्काने साखर प्लासिबोपेक्षा सरासरी ०.२ मिलिमोलने जास्त उतरली, म्हणजे आपल्या नेहमीच्या मोजणीत साडेतीन-चार मिलिग्रॅम. संशोधकांनी आधीच ठरवलेलं लक्ष्य ०.३ होतं, ते गाठलं गेलं नाही. काही जणांत मात्र परिणाम बराच जास्त होता आणि त्याचा संबंध त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंशी जुळला. पेशीकेंद्र वर जे म्हणाले तेच इथे पुन्हा दिसतं.

साडेतीन मिलिग्रॅम ही मामुली गोष्ट आहे. रोजचं भरभर चालणं आणि थोडं वजन उतरणं याने सीमारेषेवरच्या साखरेत यापेक्षा कितीतरी जास्त फरक पडतो, आणि मधुमेह लांबणीवर पडतो हे हजारो लोकांच्या मोठ्या चाचण्यांत दाखवून झालेलं आहे. आईंना गोळी देण्याआधी त्यांच्यासोबत चालायला जाणारं कुणी आहे का, ते बघा. हे मी अगदी मनापासून सांगते. एकटी असली की बरीच माणसं चालायचं सोडून देतात.

थायरॉईड : कोबीच्या कुळातल्या भाज्यांबद्दल ही भीती जुनी आहे. या भाज्यांतली काही द्रव्यं आयोडीनच्या वापरात अडथळा आणू शकतात. पण हा त्रास आयोडीनची कमतरता असताना आणि भरमसाट कच्च्या भाज्या खाल्ल्यावर होण्याचा. चिडोंगच्या चाचणीतल्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने नंतर मुद्दाम तपासले. बारा आठवड्यांनंतरही थायरॉईडचं काम दाखवणारे टीएसएच, टी-४ हे आकडे किंवा थायरॉईडविरोधी प्रतिपिंडं यांत फरक आढळला नाही. त्यामुळे त्या बाजूने मला मोठी काळजी वाटत नाही. फक्त थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घेतात ना, तिच्यासोबत दुसरं काहीही नको. पूरक गोळी द्यायचीच झाली तर दिवसात नंतर, जेवणाबरोबर. आणि पुढच्या रक्ततपासणीच्या वेळी डॉक्टरांना सांगून ठेवा.

रानजाई

डॉक्टर, रक्तदाबाचं काय? माझ्या ओळखीत त्यासाठी घेतात.

निशिगंध

२०१० मध्ये उच्च रक्तदाबाच्या ४० जणांवर करून पाहिलंय. रोज १० ग्रॅम वाळवलेले अंकुर, चार आठवडे. ना रक्तदाब उतरला, ना रक्तवाहिन्यांचं काम सुधारलं.

दम्याच्या रुग्णांना अंकुर खायला देऊन पाहिलं, उपयोग झाला नाही. धूम्रपानामुळे फुप्फुसं निकामी होत गेलेल्या ८९ रुग्णांना चार आठवडे सल्फोराफेन दिलं, तर ज्या जनुकांवर सगळी मदार आहे तीसुद्धा वाढलेली दिसली नाहीत. हे निकाल जाहिरातीत कधीच येत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिते.

जठरातल्या एच. पायलोरी जिवाणूवरचा जपानी प्रयोग मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. ४८ जण, निम्म्यांना रोज ७० ग्रॅम ताजे अंकुर, निम्म्यांना अल्फाल्फाचे अंकुर, आठ आठवडे. ब्रोकोलीच्या अंकुरांनी जिवाणूंचं प्रमाण आणि जठराचा दाह कमी झाला. बंद केल्यावर दोन महिन्यांत पुन्हा मूळ पदावर. म्हणजे जिवाणू दबतो, जात नाही. एच. पायलोरी निघाला असेल तर प्रतिजैविकांचा कोर्स पूर्ण करावाच लागतो.

मंदार

मी स्वमग्न मुलाचा बाबा आहे. पालकांच्या गटात सल्फोराफेनची खूप चर्चा चालते. काही जण म्हणतात मूल बोलायला लागलं, डोळ्यांत बघायला लागलं. मुलगा आठ वर्षांचा आहे. आम्ही बऱ्याच गोष्टी करून बघितल्या. यात काही तथ्य असेल तर हुकायला नको, एवढंच वाटतं.

निशिगंध

मंदार, तुमची तळमळ समजते. जे आहे ते सरळ सांगते.

२०१४ मध्ये अमेरिकेत १३ ते २७ वयाच्या ४४ मुलग्यांवर आणि तरुणांवर चाचणी झाली. अठरा आठवडे सल्फोराफेन घेणाऱ्यांच्या वर्तनाच्या मोजमापात बरीच सुधारणा दिसली, बंद केल्यावर ती ओसरू लागली. पालकांच्या गटात जे बोललं जातं त्याचा उगम हाच. निकाल खरोखर आशादायक होता. पण गट लहान होता. २०२१ मध्ये ३ ते १२ वर्षांच्या मुलांवर चाचणी झाली, म्हणजे तुमच्या मुलाच्या वयोगटात, तेव्हा मुख्य निकषावर प्लासिबोपेक्षा ठोस फरक आला नाही. त्यानंतरच्या एका युरोपीय चाचणीतही मुलांमध्ये फायदा दिसला नाही.

आणखी एक, जे गटांमध्ये सांगितलं जात नाही. २०१४ च्या चाचणीत सल्फोराफेन घेणाऱ्या दोघांना फिट आली. त्यांना पूर्वी फिट्स येऊन गेल्या होत्या. सल्फोराफेनमुळेच आली असं सिद्ध नाही, पण स्वमग्न मुलांमध्ये फिट्सचं प्रमाण मुळात जास्त असतं. मुलाला कधी फिट आली असेल किंवा शंका असेल तर मेंदूविकार तज्ज्ञांना विचारल्याशिवाय अजिबात देऊ नका. आणि यासाठी स्पीच थेरपीचा एकही तास कमी करू नका.

मंदार

फिट्सबद्दल कुणीच सांगितलं नव्हतं. त्याला अडीच वर्षांचा असताना तापात एकदा आली होती. विचारूनच घेतो. खूप आभार, डॉक्टर.

कुतूहल

मग गोळ्या बाजूला ठेवून भाजीच खायची ठरवली तर कशी? उकडली की सगळं जातं असं वाचलंय.

पेशीकेंद्र

पाण्यात खळखळून उकळली तर दोन्हीकडून नुकसान. मायरोसिनेज उष्णतेने मरतं आणि ग्लुकोराफेनिन पाण्यात उतरतं, जे आपण ओतून देतो. थोडी वाफ दिली तर बरंच टिकतं.

यातली एक गंमतशीर गोष्ट सांगतो. कच्च्या ब्रोकोलीत आणखी एक प्रथिन असतं, जे ग्लुकोराफेनिनचं रूपांतर सल्फोराफेनऐवजी एका निरुपयोगी नायट्राइलमध्ये वळवतं. हे प्रथिन मायरोसिनेजपेक्षा नाजूक. ६० अंशांच्या आसपास पाच-दहा मिनिटं तापवलं की ते निकामी होतं, मायरोसिनेज मात्र तगून राहतं. त्यामुळे हलकी गरम केलेली ब्रोकोली कच्चीपेक्षा सरस ठरू शकते. घरी थर्मामीटर लावून बसायची गरज नाही. भाजी चिरून अर्धा-पाऊण तास तशीच ठेवायची आणि मग शिजवायची. तोवर सल्फोराफेन बरंचसं तयार झालेलं असतं आणि ते एन्झाइमइतकं नाजूक नसतं.

आणि भाजी पूर्ण शिजली असेल तर वरून मोहरीची पूड भुरभुरवा. मोहरी याच कुळातली, तिच्यात मायरोसिनेज भरपूर आणि दणकट. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २०० ग्रॅम शिजवलेल्या ब्रोकोलीवर फक्त एक ग्रॅम मोहरीची पूड घातल्यावर शरीरात चौपटीहून अधिक सल्फोराफेन पोहोचलं. पूड कच्ची हवी, गरम तेलात तडतडलेली मोहरी या कामाची नाही. गोठवलेल्या तयार ब्रोकोलीलाही हीच युक्ती लागू, कारण गोठवण्यापूर्वी ती गरम पाण्यातून काढलेली असते आणि एन्झाइम तिथेच संपतं.

सल्फोराफेन शरीरात फार काळ राहत नाही, बहुतेक सगळं दिवसभरात लघवीवाटे निघून जातं. म्हणून महिन्यातून एकदा डोंगरभर खाण्यापेक्षा आठवड्यातून तीन-चारदा वाटीभर बरं. कोबी, फुलकोबी, मुळा, मोहरीची पानं ही सगळी याच घराण्यातली. प्रत्येकीत असं कुठलं ना कुठलं द्रव्य असतंच.

रानजाई

मोहरीची युक्ती नवीन कळली! पण मग अंकुर तर कच्चेच खाल्ले जातात, त्यांत मायरोसिनेज जिवंत असणार. म्हणजे गोळीपेक्षा अंकुर बरे?

निशिगंध

सल्फोराफेनच्या दृष्टीने हो, पण इथे मला काळजी वाटते. अंकुर यायला जी ऊब आणि ओल लागते, तीच साल्मोनेला आणि ई. कोलाय यांना लागते. जंतू बहुधा बियांवरच असतात, भेगांमध्ये दडलेले, त्यामुळे कितीही धुतलं तरी जात नाहीत. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या अंकुरांतून ई. कोलायची मोठी साथ आली. हजारो आजारी, पन्नासहून अधिक मृत्यू, शेकडोंची मूत्रपिंडं बिघडली.

गरोदर स्त्रिया, लहान मुलं, सत्तरीच्या आसपासची माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांनी कच्चे अंकुर टाळावेत, ही माझी ठाम सूचना आहे. शमिका, तुमच्या आई यात येतात. त्यांच्यासाठी वाफवलेली ब्रोकोली आणि वर मोहरीची पूड हा जास्त सुरक्षित मार्ग. रानजाई, तुम्ही करता तर पेरणीसाठी औषध लावलेलं बी वापरू नका, खाण्यासाठी म्हणून तपासून विकलेलंच घ्या. अंकुर तयार झाले की फ्रीजमध्ये ठेवा. वास किंवा बुळबुळीतपणा आला तर सरळ टाका.

रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनीही भाजी आणि अंकुर दोन्हींच्या बाबतीत सांभाळून. के जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम कमी होतो. बंद करायला नको, पण खाण्याचं प्रमाण एकदम वाढवू नका.

विसावा

हा धागा कालपासून वाचते आहे. माझ्या बहिणीच्या स्तनाच्या कर्करोगावर केमो चालू आहे. तिच्या मैत्रिणीने हेच अंकुरांचे कॅप्सूल सुचवले, "केमोचं विष उतरतं" म्हणून. देऊ का? ती खूप थकते हो, बघवत नाही.

पेशीकेंद्र

विसावाताई, केमो चालू असताना कृपया देऊ नका, निदान तिच्या कर्करोगतज्ज्ञांनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय तरी नाही.

कारण सांगतो. वर एनआरएफ-२ बद्दल लिहिलं. ते पेशीला रसायनांपासून वाचवतं. निरोगी पेशीत हे वरदान आहे. पण कर्करोगाची पेशीही तीच यंत्रणा वापरते. काही प्रकारच्या फुप्फुसाच्या कर्करोगात कीप-१ बिघडलेलं असतं, एनआरएफ-२ कायम चालू राहतं आणि अशा गाठी केमोला दाद देत नाहीत. केमोचं औषध हेसुद्धा पेशीच्या दृष्टीने बाहेर घालवायचं रसायनच. त्याचा निचरा वाढवणं आपल्याला नको आहे. सल्फोराफेनमुळे माणसांत केमो निष्फळ ठरते असं सिद्ध झालेलं नाही, उलट दिशेचे प्रयोगही आहेत. पण उपचार चालू असताना असा जुगार खेळू नये.

कर्करोगाच्या बाबतीत माणसांवरचं काम आहे ते प्रामुख्याने प्रोस्टेटवर. शस्त्रक्रियेनंतर पीएसए (प्रोस्टेटच्या कर्करोगावर लक्ष ठेवायला रक्तात मोजतात ते प्रथिन) पुन्हा वाढू लागलेल्या ७८ पुरुषांच्या फ्रेंच चाचणीत पीएसए वाढण्याचा वेग मंदावलेला दिसला. त्याने आयुष्य वाढलं का, ते त्यातून कळत नाही. कर्करोगावर उपचार म्हणून सल्फोराफेनला कुठेही मान्यता नाही.

निशिगंध

सहमत. विसावा, बहिणीच्या थकव्याबद्दल तिच्या डॉक्टरांना नक्की बोला. हिमोग्लोबिन, थायरॉईड, झोप, जेवण, मळमळ यांपैकी बऱ्याच गोष्टींवर इलाज असतो आणि रुग्ण "हे तर होणारच" म्हणून सांगत नाहीत. भाजी म्हणून शिजवलेली ब्रोकोली तिला आवडत असेल, पचत असेल तर खाऊ दे. कच्चे अंकुर मात्र या काळात अजिबात नकोत, पांढऱ्या पेशी कमी असताना साधा जंतुसंसर्गही महागात पडतो.

कुतूहल

एक शेवटचा प्रश्न. ज्यांनी शोध लावला त्यांचाच गोळ्यांशी आर्थिक संबंध आहे असं वाचलं. मग त्यांच्या निष्कर्षांवर विश्वास ठेवावा का?

पेशीकेंद्र

रास्त प्रश्न. जॉन्स हॉपकिन्सने अंकुरांवर पेटंट घेतलं होतं आणि टालाले यांनी एका कंपनीच्या स्थापनेत भाग घेतला होता. पुढे अंकुर पिकवणाऱ्यांवर खटले झाले. २००२ साली अमेरिकेच्या केंद्रीय अपील न्यायालयाने पेटंट अवैध ठरवलं. अंकुरांत हा गुण आधीपासूनच होता, तो नव्याने ओळखला म्हणून अंकुरांवर हक्क सांगता येत नाही, असा त्याचा आशय.

मूळ रसायनशास्त्रावर मी विश्वास ठेवतो, कारण ते जगभरच्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे तपासलंय. एनआरएफ-२ आणि कीप-१ यांचं बरंचसं मूलभूत काम जपानमध्ये झालं. रोगांवरच्या दाव्यांबाबत मात्र चाचणीला पैसा कुणी दिला आणि दुसऱ्या गटाला तोच निकाल मिळाला का, हे दोन्ही बघूनच मी मत बनवतो.

शमिका

सगळ्यांचे मनापासून आभार. बाटली आणून बघितली. "अंकुर अर्क ४०० मिग्रॅ" एवढंच लिहिलंय. ग्लुकोराफेनिन किती त्याचा पत्ता नाही, मायरोसिनेजचा उल्लेख नाही. ती आईला देणार नाही. नातेवाइकांना वाईट वाटू नये म्हणून निशिगंध यांचा थायरॉईडबद्दलचा आणि पेशीकेंद्र यांचा हिशेबाचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवणार आहे. ते स्वतःही घेतात, त्यांनाही उपयोग होईल.

आईला ब्रोकोली आवडते. संध्याकाळी तिच्याबरोबर मी चालायला जायचं ठरवलंय. तीन महिन्यांनी एचबीए१सी करायचंच आहे.

विसावा

बहिणीच्या डॉक्टरांशी बोलणं झालं. त्यांनीही केमो संपेपर्यंत नको म्हणून सांगितलं. ती आणखी काय काय घेते ते विचारलं, तेव्हा कळलं की हळदीच्या अर्काच्या आणि ग्रीन टीच्या गोळ्याही चालू होत्या. आम्हाला माहीतच नव्हतं. त्याही बंद करायला सांगितल्यात. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन बरंच खाली आलंय, त्यावर उपचार सुरू होतील.

निशिगंध

बरं झालं विचारलंत. तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर सगळ्या गोळ्यांची यादी लावून ठेवा, जीवनसत्त्वं आणि काढेसुद्धा धरून. पुढे शस्त्रक्रिया असेल तर भूलतज्ज्ञांनाही तीच यादी दाखवा.